वेटबॉटमांचा विराम

हिल्डा वेटबॉटमला एक माणूस हवा होता. नवरा नव्हे, तो हौसेने करून झाला होता. तिला रस्सीखेचीसाठी आठवा गडी हवा होता, तोही वेटबॉटम घराण्यातला आणि दुपारच्या आत.

लँकेशरमधल्या त्या खोऱ्यात 'बॉटम' म्हणजे खोऱ्याचा तळ. ओढ्याकाठच्या ओल्या तळाशी राहणारे ते वेटबॉटम, एवढाच त्या आडनावाचा सरळ अर्थ. पण खोऱ्याबाहेर बॉटम म्हणजे बसायचा भाग, आणि वेटबॉटम म्हणजे ओलं बूड. त्यामुळे गिरण्यांत, बंदरांत, आगबोटींवर पोटापाण्यासाठी जे जे पांगले, त्यांची आडनावं वाटेतच वाळली. प्रेस्टनला पोचेपर्यंत काहींचं वेटन झालं, लिव्हरपूलच्या धक्क्यावर काही वेदरबी झाले, आणि हिल्डाचा सख्खा भाऊ लीड्सला बँकेत चिकटला तो थेट 'वेस्ट' होऊन बसला.

जे मागे उरले त्यांना एक सवय होती. आडनाव सांगितलं की जरा थांबायचं. समोरच्याला हसून घेऊ द्यायचं आणि मग पुढचं बोलायचं. हिल्डा दवाखान्यातही थांबे आणि मयतीलाही थांबे. सगळं जगच असं थांबतं, अशी लहानपणी तिची समजूत होती.

मे अखेरच्या सोमवारी ओढ्यावर रस्सीखेच होई. अलीकडे वेटबॉटम, पलीकडे टेकडीवरचे ओव्हरहिल, आणि हरणारे ओढ्यात. दोन्हीकडे त्या त्या रक्ताचे आठ गडी भरलेच पाहिजेत. नाही भरले तर खेळ कायमचा बंद आणि दोर समोरच्यांचा, असा जुना नियम. दोर हिल्डाच्या बापाने वळलेला. यंदा तिला धरून सात जण होते, आणि त्यातल्या अर्नेस्टकाकांचा एक गुडघा धातूचा होता. भावाने फोनवर पाठदुखीचं निमित्त सांगितलं होतं.

"काय गं हिल्डा, दोर गुंडाळून ठेवतेस ना?" पलीकडून क्लेमंट ओव्हरहिल ओरडला. "आमच्या बैलाला बांधायला बरा आहे."

"बैलाला कशाला? तुझ्या जिभेला बांध."

क्लेमंट हसला. त्याचं हसणं म्हणजे आधी नाकातून एक शिट्टी आणि मग खोकल्यासारखी ढास.

हिल्डा चहाच्या टेबलामागे गेली. तिथे उन्हाने रापलेला एक उंच, परका माणूस केक निवडत होता.

"मी डेस्मंड वेथम," तो म्हणाला आणि थांबला.

हिल्डाने वाट पाहिली. तो भुवया किंचित उचलून नम्रपणे उभा होता. मग म्हणाला, "टास्मानियाहून आलोय. आमचे पणजोबा इथल्याच कुठल्याशा खोऱ्यातून आले म्हणतात. पण वेथम नावाचं कुणी भेटेल तर शपथ!"

हिल्डाने किटली खाली ठेवली. "पुन्हा सांग बघू नाव."

"डेस्मंड वेथम." पुन्हा तेच.

"थांबलास का रे?"

"कुठे?"

"आत्ता. नावानंतर."

"सगळेच थांबतात की!"

"कशासाठी?"

डेस्मंड विचारात पडला. "कोण जाणे. बाबा थांबायचे. आजोबा तर भुवयाही उडवायचे."

हिल्डाने त्याला बाहीला धरून ओढ्यावर नेलं. केक त्याच्या हातातच राहिला. "हा आमचा आठवा, डेस्मंड वेथम! नाव सांगून थांबतो, आमच्यासारखाच!"

"हे चालायचं नाही!" क्लेमंट गरजला. "म्हणे वेथम! त्यात हसण्यासारखं काय आहे?"

"काहीच नाही. तरी थांबतोय ना? माणसाची शेपूट गेली तरी माकडहाड राहिलंच की. तसं ह्यांचं बॉटम गेलं, थांबणं राहिलं."

"दम लागला असेल त्याला!"

पंच होते पाद्रीबुवा. त्यांना दुपारच्या जेवणाची घाई होती. "नावं सांगा, आत्ताच पाहू," ते म्हणाले. "क्लेमंट, आधी तुम्ही."

"क्लेमंट ओव्हरहिल आणि मी आत्ताच सांगतो की हे सगळं…"

"पुरे. अर्नेस्ट?"

"अर्नेस्ट वेटबॉटम." अर्नेस्टकाका थांबले. भुवया वर. क्लेमंटच्या नाकातून शिट्टी आली, मग ढास. आयुष्यभराची सवय.

"आता पाहुणे."

"डेस्मंड वेथम."

तेवढाच विराम. भुवया तेवढ्याच वर. आणि मग पलीकडून शिट्टी आली.

क्लेमंटने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण ढास बोटांमधून निसटलीच.

"हसला!" हिल्डा ओरडली. "पाद्रीबुवा, नावात काही नसताना हसला! नाव नसेल ओळखलं त्याने, पण थांबणं बरोबर ओळखलं!"

"मी नाही हसलो," क्लेमंट म्हणाला. "ते आपोआप झालं."

"आपोआप झालं म्हणूनच ग्राह्य," पाद्रीबुवा म्हणाले आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

खेळ लांबला नाही. ओव्हरहिल दणकट होते, आणि अर्नेस्टकाकांचा गुडघा आयत्या वेळी वाकला तो सरळ होईना. आठही जण ओळीने ओढ्यात बसले. हिल्डा कमरेइतक्या पाण्यात होती, पण दोर तिने सोडला नव्हता. पुढच्या वर्षापर्यंत तो तिच्याच घरात राहणार होता.

क्लेमंटने हात देऊन डेस्मंडला काठावर ओढलं. "नाव काय म्हणालात आपलं?"

डेस्मंडने मागे हात नेऊन पँट पिळली. बरंच पाणी निघालं.

"डेस्मंड," तो म्हणाला, "वेटबॉटम."

आणि थांबला.

दोन्ही काठ खदखदून हसले. पाद्रीबुवाही हसले. डेस्मंड भुवया उंचावून शांत उभा राहिला, हसणं पार ओसरेपर्यंत. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

"असं होय!" तो हिल्डाला म्हणाला. "ह्यासाठी थांबायचं असतं!"