मी कातळ नव्हे!

मी एक जुना दगड आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. मित्रांनो, तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही मी 'बाळ' म्हणेन. माझा रंग काळा आणि आजूबाजूचे सगळे डोंगर पांढुरके. मी इथला नाही, हे एवढ्यावरून कुणाच्याही लक्षात यायला हवं होतं. पण आलं नाही, आणि त्यातूनच सगळा घोळ झाला.

माझा जन्म दरीच्या वरच्या टोकाला, एका काळ्या कड्यात झाला. कड्याच्या भेगांत पाणी शिरायचं, गोठून फुगायचं आणि खडकाला आतून रेटायचं. असं किती हिवाळे चाललं कोण जाणे. शेवटी मी कड्यापासून सुटलो आणि खालून सरकणाऱ्या हिमनदीने मला पोटात घेतलं. हिमनदी म्हणजे बर्फाची नदी. ती इतकी सावकाश चालते की गोगलगायसुद्धा तिला मागे टाकेल, पण अंगात ताकद केवढी! तिच्या तळाशी रुतलेले आम्ही दगड खालच्या खडकाला घासत, ओरबाडत निघालो. डोंगराचं अक्षरशः पीठ पडलं. अरुंद दरी रुंद झाली, तिचा तळ सपाट झाला. माझ्याही कडा बोथट झाल्या, पाठीवर ओरखडे उठले. फार दुखलं.

मग हवा उबदार झाली. हिमनदी वितळत मागे हटली आणि आणलेलं ओझं, म्हणजे गोटे, वाळू, माती, सगळं जिथल्या तिथे टाकून गेली. त्या ढिगात मी अर्धा पुरलेला राहिलो. हजारो वर्षं माझी कुणी दखल घेतली नाही. पक्षी बसत, घाण करत आणि उडून जात.

एके दिवशी एक गवंडी आला, बायकोला आणि म्हाताऱ्या आईला घेऊन. तिघं तंबूत राहत होती. बर्फ पडण्याआधी त्यांना डोक्यावर छप्पर हवं होतं. गवंड्याने माझ्यावर उभं राहून पाय आपटला.

"अगं, हा बघ अस्सल कातळ! पाया खोदायलाच नको. याच्यावरच घर उभं करू."

दगडाच्या अंगावर मूठभर मांस चढतं का? चढलं! एवढं कौतुक माझं कधीच झालं नव्हतं. पण ते कौतुक खोटं होतं. मी कातळ नव्हतो. माझ्याखाली नुसती वाळू आणि गोटे होते. ओरडून सांगावंसं वाटलं, पण दगडाला तोंड कुठून असणार?

भिंत कमरेएवढी झाली. न्हाणीचं पाणी जायला बायको माझ्या कडेने चर खणत होती. अचानक फावडं सुळकन माझ्याखाली गेलं. तिने हात घातला, तो थेट खांद्यापर्यंत आत गेला.

"अहो, खाली या जरा. याला बूड आहे, हा सुटा धोंडा आहे."

"कसलं बूड? आयुष्य गेलं माझं दगडांत. आता तू मला शिकवणार?"

"शिकवत नाही. हात घालून बघा म्हणते."

"थंडी तोंडावर आलीये आणि तू भिंत पाडायला सांगतेस?"

"अरे, बघून तर घे," तंबूच्या दारातून आई म्हणाली. "हातच घालायचाय, डोकं नाही."

गवंड्याने धुसफुसत हात घातला. बाहेर काढला तेव्हा मुठीत ओली वाळू आणि एक गोल गोटा होता. मग तो माझ्यावर चढला आणि स्वतः रचलेली भिंत वरच्या थरापासून उतरवू लागला. बायको खालून एकेक दगड झेलत राहिली.

वरच्या उतारावर हिमनदीने घासून गुळगुळीत केलेला खराखुरा कातळ होता. तिथे त्यांनी नव्याने काम धरलं. पहिलं बर्फ पडलं तेव्हा छप्पर अर्धंच झालं होतं. उरलेल्या अर्ध्यावर तंबूचं कापड ताणून त्यांनी तो हिवाळा कुडकुडत काढला. म्हातारीचा खोकला मला इथपर्यंत ऐकू यायचा. फार वाईट वाटायचं.

वरची हिमनदी आता झपाट्याने वितळते आहे. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या कडेने वाहणाऱ्या ओढ्याला कधी नव्हे एवढं पाणी आलं. त्याने माझ्याखालची वाळू धुऊन नेली आणि एका सकाळी मी धाडकन कलंडलो. आवाज ऐकून तिघं धावत बाहेर आली. गवंड्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. तो खाली आला आणि माझ्या उघड्या पडलेल्या बुडावर त्याने हात ठेवला.

मित्रांनो, वरचं ते बर्फ जपा. आणि जमिनीवर भार टाकण्याआधी ती तिथे कशी आली, तिच्या पोटात काय आहे, ते पाहा. ती आपणहून सांगणार नाही. मला पडल्याचं दुःख नाही. मी एकटाच पडलो, याचा मला आनंद आहे.