चिकातला दाणा

दसरा आला की अजूनही माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. नातवंडे हातावर सोने ठेवून पाया पडतात आणि मी आशीर्वाद द्यायच्या आधी पानाचा देठ पाहते. पान खुडलेले आहे की ओरबाडलेले?

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आम्ही महाल नावाच्या जुन्या वस्तीत राहायचो. गल्लीतल्या यमुताई मुलींच्या शाळेत शिकवत आणि रविवारी आम्हा बायकांना, मुलींना गावाबाहेर तेलंगखेडीच्या रानाकडे झाडे-पाखरे दाखवायला नेत. त्याचा पगार नव्हता, की कोणाचा हुकूम नव्हता. आधी एका टांग्यात मावत होतो; त्या पावसाळ्यात दोन टांगे पुरेनात.

श्रावणात यमुताईंनी काम दिले, आपट्याचे रोप शोधा. आम्ही रान पालथे घातले. म्हातारी, थोटी झाडे सापडली. रोप एकही नाही.

"येईल कुठून?" यमुताई म्हणाल्या. "शेंगा पिकायच्या आधी दसरा येतो. फांद्या शेंगांसकट घरी जातात."

टेकडीपाशी एकच आपटा शेंगांनी लगडला होता. दसऱ्याला त्याच्याखाली बसायचे, येणाऱ्याला एकेक पान खुडून द्यायचे आणि फांदी तोडू द्यायची नाही, असे ठरले.

माझी झोप उडाली. गल्लीचे सोने दरवर्षी माझे सासरे मारोतराव दुकान बंद ठेवून आणत. कोयत्याने फांदी तोडायची आणि खांद्यावर मिरवत आणायची. तीही याच झाडाची.

सासूबाईंना कुणकुण लागलीच. "काहून वं तारा, झाडाले राखण बसणार म्हणे तू? मंग चूल कोण राखीन?"

चूल कुठे पळून जाते, असे मी म्हटले, पण मनात.

दसऱ्याच्या दुपारी आम्ही बसलो. येणारे हसायचे. "यंदा सोन्यावर नागिणी बसल्या गा!" कोणी पान घेऊन जाई, कोणी हुज्जत घाली. माझी नजर वाटेवरून हटेना.

आणि सासरे आले. हातात कोयता, मागे बरीच माणसे.

"बाजू हो, सूनबाई."

यमुताई उठू लागल्या, पण मीच पुढे झाले. सासऱ्यांसमोर चारचौघांत मी कधी तोंड उघडले नव्हते. पदर घट्ट धरून एक हिरवी शेंग फोडली आणि त्यांच्यापुढे केली.

"मामाजी, दाणा चिकात आहे. आपल्या काटोलच्या वावरातली ज्वारी चिकात असताना तुम्ही कोणाले कापू द्याल काय?"

त्यांनी दाणा नखाने दाबला. पांढरा चीक बोटाला लागला, तो धोतराला पुसला. मग वाकून माझ्या बाजूने पुढे गेले आणि खालची एक फांदी तोडलीच.

फांदी खांद्यावर टाकून ते मागच्या माणसांकडे वळले. "गल्लीले एवढं पुरते. आता दुसरीले कोणी हात लावून पाहा." कोयता हातात होता, कोणी लावला नाही. दिवस मावळेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. गल्लीत बायका ओवाळणीची ताटे घेऊन ताटकळल्या.

घरी मात्र सासऱ्यांचा त्यावर एक शब्द नाही. दिवाळी गेली, थंडी आली, तरी नाही. आता माझे रविवार बंद, हीच धास्ती. भांडे पडले तरी दचकायची.

पौषात यमुताईंबरोबर झाडाकडे गेले. फांद्या शाबूत होत्या, पण शेंग एकही नव्हती. यमुताई मटकन खाली बसल्या.

घरी आले, तर ओसरीवर सासरे सूप पुढ्यात घेऊन काळ्या, वाळक्या शेंगा फोडत होते.

"दुकान उघडायच्या आधी रोज त्या झाडाकडंच जाऊन राहिले होते," सासूबाई फणकारल्या. "मले वाटलं, म्हाताऱ्याले कोणी भेटली!"

सासऱ्यांनी मान वर केली नाही. "त्या मास्तरीणबाईले विचार वं," ते म्हणाले, "आताच पेरू, का पाऊस पडल्यावर?"