बाबांना सगळं कळायचं

ती कवळ्या बनवायची. दंतवैद्यांकडून आलेल्या साच्यांवरून एका प्रयोगशाळेत दात घडवण्याची तिची नोकरी. बाबा निवृत्त मुद्रितशोधक; आई गेल्यापासून दोन खोल्यांत एकटेच राहायचे. ती सगळ्यांना कौतुकानं सांगायची, "आमच्या बाबांना न सांगता कळतं." नवऱ्याशी बिनसलं तेव्हा तिनं माहेरी ब्र काढला नव्हता, तरी बाबांचा फोन आला, "चार दिवस इकडे ये राहायला." छातीत गाठ लागली, तपासण्या झाल्या, तेव्हाही त्यांनी नेमकं विचारलं, "तब्येत काय म्हणतेय?" तिला अगदी भरून आलं होतं.

त्या रविवारी पेन्शनचं पान उघडत नाही म्हणून बाबांनी तिला बोलावलं. पासवर्ड त्यांना आठवत नव्हता. आठवायची वेळच कधी आली नव्हती, ब्राउझर आपला आपण भरायचा; आज मात्र भरत नव्हता. बाबा चहा टाकायला आत गेले आणि तिनं सेव्ह केलेले पासवर्ड उघडून पाहिले. वीज, बँक, दवाखाना. आणि त्यातच तिचा स्वतःचा ईमेल.

मग तिला आठवलं. मागे एकदा तिकीट छापायला तिनं इथं मेल उघडला होता. 'पासवर्ड लक्षात ठेवायचा का?' असं ब्राउझरनं विचारलं, ती घाईत होती, 'हो' दाबून मोकळी झाली. आपल्या वेंधळेपणाला हसत तिनं मेल उघडला. सगळ्यात वर मैत्रिणीचा सकाळचा मेल होता. तिनं तो अजून पाहिलाही नव्हता. पण तो वाचलेला दिसत होता.

बाबा कप घेऊन आले.

"बाबा, तुम्ही माझे मेल वाचता?"

"वाचतो कधीमधी." त्यांनी कप खाली ठेवला. "वाचून झालं की परत 'न वाचलेला' करून ठेवतो. आज राहिलं वाटतं."

ते इतक्या सहज बोलले, जणू कुंडीला पाणी घालायचं राहिलं होतं.

"किती दिवस चाललंय हे?"

"अगं, दाराला कुलूप तू घातलं नाहीस. मी काय फोडून आत शिरलो? आणि तू तोंडानं काही सांगत नाहीस, मग बापाला कळायचं कसं?" मग जरा हसून म्हणाले, "शुद्धलेखन मात्र फार बिघडलंय हं तुझं. त्या गाठीबद्दल लिहिलंस ना, त्यात सगळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलेत."

 गाठ लागली त्या रात्री रडत रडत मैत्रिणीला लिहिलेली ती ओळ, आणि त्यावर हा माणूस चष्मा लावून वेलांट्या तपासत बसला होता. चहावर साय धरली होती, तिच्याकडेही तिला बघवेना. तिनं संतापून सगळे पासवर्ड पुसून टाकले, तिचा आणि त्यांचेही.

"आता माझं बिल कसं भरायचं?" बाबा घाबरले. एका क्षणात म्हातारे दिसू लागले.

मग तिला बसावंच लागलं. एकेक खातं उघडून ती नवा पासवर्ड लावत होती. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले, त्यांचा खांदा लागला तशी ती सरकली.

"तूच टाक ना काहीतरी. तुझ्यापासून मला काय लपवायचंय?"

"तुमचा तुम्ही टाका. मी बघत नाही." तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मागून एका बोटानं कळा दाबल्याचा आवाज येत राहिला. दर खेपेला ब्राउझर विचारायचा, लक्षात ठेवू का, आणि बाबा लहान पोरासारखे तिला विचारायचे, "हो म्हणू?" त्यांच्या लक्षात काही राहणार नव्हतं. ती म्हणायची, "म्हणा." जोडीला तिनं संगणक उघडतानाच मागेल असा एक पासवर्ड त्यांना लावायला लावला, तेवढा एकच पाठ करायला सांगितला. दुसरं काय करणार?

घरी आल्यावर तिनं आपले सगळे पासवर्ड बदलले आणि मैत्रिणीला फोन केला. झालेलं सगळं सांगताना तिचा आवाज चढत गेला. "मला त्यांच्या हातचं पाणीसुद्धा नको वाटतंय गं!"





"म्हणजे माझंही वाचलं त्यांनी," मैत्रीण म्हणाली. "नवरा मला मारतो ते. मी घरातून दोनदा निघून गेले होते ते. सगळंच."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढा वेळ ती फक्त आपलाच विटाळ धूत बसली होती.

"मी तिथं 'हो' दाबायला नको होतं," ती कशीबशी म्हणाली.

"नको होतंस," मैत्रीण म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पुढे बरेच महिने मैत्रिणीनं काही लिहिलं नाही. मग एके दिवशी ती हिच्या प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. दोघी चालत लांबवर गेल्या, आणि जे काही बोलायचं ते तोंडानंच बोलल्या.