मुलाखतीचा कोट

मी कोट बोलतोय. गडद निळा, दोन बटणांचा आणि मुलाखत या शब्दालाच विटलेला.

कोपऱ्यावरच्या शिंप्याने मला शिवलं. मापं द्यायला आलेली मुलगी गप्प उभी होती, बोलत होते तिचे बाबा. "खांद्यात जरा सैल ठेवा. आमची छोटी डॉक्टर होणार आहे!" शिंप्याच्या तोंडात टाचण्या होत्या, त्याने नुसती मान हलवली. डॉक्टर व्हायचं होतं छोटीला, घाई मात्र बाकी सगळ्यांना झाली होती.

घरी आल्यावर माझे हाल सुरू झाले. छोटी मला घालून आरशासमोर उभी राहायची आणि माझं वरचं बटण पिळत म्हणायची, "मला समाजाची सेवा करायची आहे. लहानपणापासून हेच माझं स्वप्न आहे." सकाळी तेच, संध्याकाळी तेच. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "जरा हसून म्हण गं!" मग तेच हसून. माझ्या अस्तरालासुद्धा ते पाठ झालं.

छोटीने निवडलेलं मेडिकल कॉलेज मार्कांसोबत मुलाखतही घ्यायचं. त्या दिवशी टेबलापलीकडे तीन डॉक्टर बसले होते. मधल्या बाईंनी विचारलं, "आजारी माणसाची देखभाल कधी केली आहे?"

छोटी म्हणाली, "मला समाजाची सेवा करायची आहे."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. घाम फुटला तिला, भिजलो मी.

नकार आला. मार्क उत्तम, प्रवेश नाही. मग काय विचारता! मामा म्हणाले, "ओळख काढायला हवी होती." बाबा म्हणाले, "त्या लोकांनाच अक्कल नाही." आत्या फोनवर रडली आणि छोटीलाच तिची समजूत काढावी लागली. मला डांबरगोळ्यांसोबत कपाटात कोंडलं, जसं काही माझ्यामुळेच सगळं बिघडलं.

शेवटी छोटीच्या थोरल्या ताईने तोंड उघडलं. "छोटे, राग मानू नकोस. तुझं ते उत्तर ऐकून मला जांभया येतात. तू कधी कुणा आजाऱ्याला पाणी तरी पाजलंयस का?"

छोटी फणफणली. ताईशी बोलणं टाकलं. पण आठवडा उलटायच्या आत ती जवळच्या वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लागली आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार, असं तिने जाहीर केलं.

बाबा भडकले. "एवढं शिकून लोकांची अंथरुणं बदलणार?"

"हो," छोटी म्हणाली, आणि निघून गेली.

थंडीत एका सकाळी तिचा स्वेटर वाळला नव्हता, म्हणून तिने मला अंगात चढवलं. मी, कडक इस्त्रीचा कोट, आणि वृद्धाश्रमात फिनेलचा वास! तिथे एक निवृत्त मुख्याध्यापक राहत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. अर्धांगाने उजवा हात गेलेला, जीभ मात्र शाबूत. छोटी त्यांना सूप भरवत होती. मास्तर अचानक म्हणाले, "जो तो म्हणतो, होईल बरा, होईल बरा. तू खरं सांग. हा हात पुन्हा चालणार का?"

आता आरशातलं हसू येणार, असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "पूर्वीसारखा नाही चालणार, मास्तर. डॉक्टरही तेच म्हणतात. पण डाव्या हाताने चमचा धरायला शिकता येईल."

मास्तरांनी त्याच डाव्या हाताने वाटी उडवली. सगळं सूप माझ्यावर. "चालती हो इथून!"

कितीतरी दिवस त्यांनी तिला जवळ येऊ दिलं नाही. मग एकदा खेकसले, "आण तो चमचा." हे तिने ताईला कपाटासमोर उभं राहून सांगितलं. होय, दोघी पुन्हा बोलायला लागल्या होत्या.

वर्ष सरलं. पुन्हा मुलाखत, पुन्हा मी, पुन्हा त्याच बाई. "गेल्या वर्षीही आला होतात. मधल्या काळात काय केलंत?"

छोटीचा हात बटणाकडे गेला. "मला समाजाची..." आणि थांबली. थांबली एकदाची! मग तिने मास्तरांचं सगळं सांगितलं, उडालेल्या वाटीसकट.

"सांगितलंत ते चुकलं, असं वाटतं?"

"खरं सांगितलं ते नाही चुकलं. पण एका हातात वाटी धरून, पुढच्या खोलीत जायच्या घाईत सांगितलं. आधी वाटी खाली ठेवायला हवी होती."

बाईंनी या वेळी काही लिहिलं नाही. नुसतं ऐकत राहिल्या.

प्रवेश मिळाला. घरात एकच गोंगाट. "मला माहीतच होतं!" मामासुद्धा तेच म्हणाले. त्या कलकलाटातून छोटी मला खांद्यावर टाकून कामावर निघाली. मास्तर डाव्या हाताने खात होते, अर्धं सांडत होते.

"मास्तर, मला प्रवेश मिळाला."

"छान." त्यांनी चमचा खाली ठेवला. "मग इथे आता कोण येणार?"

एवढ्या माणसांत हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. छोटीलाही नाही. तिने माझ्या बाहीला डोळे पुसले.

आता ती वसतिगृहात असते आणि मी कपाटात. पण सुख म्हणून नाही! मला म्हणे गुण आहे, अंगात घातलं की प्रवेश पक्का. आत्याच्या मुलाने नेलं, शेजारणीच्या भाचीने नेलं, मामा त्यांच्या पुतण्यासाठी रांगेत आहेत. प्रत्येकाच्या घरी आरसा आहे आणि प्रत्येकाचं तेच एक वाक्य.

अहो, माझ्यात काही नाही. कापड आहे, अस्तर आहे. न्यायचंच असेल तर खुशाल न्या, पण मुलाखतीच्या सकाळी नको. त्याच्या आधीचं वर्षभर न्या.