साडेसहाची बस मोजणारा

"तुमच्यापैकी शेवटचं बसमध्ये कोण बसलं होतं, आणि कधी?"

हा प्रश्न महापालिकेच्या भर सभेत विचारायचा, अशी पैज लागली होती. पैज लावली संघातल्या ढापणीनं, बाकी नऊजणींनी माना डोलावल्या. विचारायचा कुणी, यावर चर्चासुद्धा झाली नाही. पोहण्याच्या संघात मुली अकरा, पण तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला शिट्टीशिवाय ऐकू जाईल असा आवाज एकीचाच. म्हणून तर तिला सगळ्या भोंगा म्हणत. गेल्या वर्षापर्यंत त्या नावानं तिला रडू यायचं. यंदा तिनं ते स्वतःच्या वहीवर स्केचपेननं लिहून टाकलं होतं.

तर नागरिकांच्या प्रश्नांची वेळ आली, भोंगा उठली, माइक बाजूला सारला आणि तिनं विचारलं.

एक नगरसेवक वाकून बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या बुटाला नाडी नव्हती. शेवटी महापौरबाईंनी चष्मा चढवला आणि गोड आवाजात सांगितलं की त्यासाठी बसमध्ये बसायची काही गरज नाही, संध्याकाळची साडेसहाची बस का बंद करतोय ते 'उसवण'वर सविस्तर आलं आहे.

'उसवण' म्हणजे शहराचा ब्लॉग. लिहितं कोण, कुणालाच ठाऊक नाही, वाचतात मात्र सगळे. नगरसेवक सभेचा अजेंडा न वाचता येतील, पण 'उसवण' न वाचता उंबरठा ओलांडणार नाहीत. आपलं काही उसवलंय का ते बघायचं असतं ना. उपमहापौरांनी एकाच कारंज्याचं तिसऱ्यांदा उद्घाटन केलं, ते 'उसवण'नंच फोडलं. बागेत कुत्री मोकळी सोडावीत की नाही, यावर तिथल्या प्रतिक्रियांमध्ये दोन सख्खे भाऊ इतके भांडले, की अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

महापौरबाईंनी फोनवरून वाचून दाखवलं. नऊ दिवस बस पाहिली. एकदाही चारच्या वर माणसं नव्हती. थांब्यावरच्या बाकाखाली झोपणारं पिवळं मांजर, तेवढंच काय ते नियमित.

सगळे हसले. भोंग्याला मात्र दोन गोष्टी खटकल्या.

एक तर, त्या बसमध्ये रोज अकरा मुली ओल्या केसांनी चढत आणि ड्रायव्हरकाका सीट भिजल्या म्हणून रोज कुरकुरत. सगळ्यांची घरं शहराच्या दुसऱ्या टोकाला. बस गेली की पोहणं गेलं, कारण न्यायला यायला कुणाच्याच घरी कुणी मोकळं नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, ते मांजर. त्या थांब्यापुढे टूथपेस्टच्या जाहिरातीचा एवढा थोरला फलक होता, की बाक रस्त्यावरून दिसायचाच नाही. तो दिसायचा एकाच खिडकीतून. त्या खिडकीत शिलाई मशीन होतं आणि मशीनवर तिचे बाबा.

सभेतून ती तडक दुकानात गेली. बाबांच्या गळ्यात टेप होता, आई काजं करत होती.

"'उसवण' तू लिहितोस," ती म्हणाली.

आईनं दोरा तोडला. "मी म्हटलं होतं, हिला कळणार."

मग सगळंच बाहेर आलं. शहरातले निम्मे नगरसेवक बाबांचं गिऱ्हाईक. कंबर मोजताना माणूस पोट आत ओढतो आणि बातम्या बाहेर सोडतो, असा बाबांचा अनुभव. मजकूर बाबांचा, शुद्धलेखन आईचं. भोंग्याला एका क्षणी दोघांचा भयंकर अभिमान वाटला, पुढच्याच क्षणी राग आला.

बस कुठून मोजलीस, तिनं विचारलं. इथूनच, बाबा म्हणाले, अगदी चोख मोजली. मग ती ओरडली नाही, हे विशेष. शांतपणे म्हणाली, "आम्ही पुढच्या थांब्यावर चढतो, बाबा."

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. भोंग्याला पोहून झाल्यावर घरी न्यायला त्यांनी लगेच तोडगा सुचवला, तू इथे थांबत जा, नऊला दुकान बंद केलं की स्कूटरवर नेईन. बाकीच्या दहाजणींना हँडलवर बसवणार का, असं तिनं विचारल्यावर त्यांनी स्कूटरचा विषय सोडला.

पण माणूस सरळ. तासाभरात त्यांनी 'उसवण'वर लिहिलं: मोजणी चुकली, बस भरलेली असते.

आणि उलटंच झालं. दोनशे प्रतिक्रिया आल्या. कुणी दम दिला? 'उसवण' विकली गेली. पहिलं लिहिलेलं खरं, हे दुसरं लिहून घेतलेलं. दुसऱ्या दिवशी महापौरबाईंनीच जाहीर केलं की दबावाखाली आलेल्या लेखकाच्या पाठीशी आम्ही ठाम उभे आहोत, आणि त्याच्या पहिल्या, निर्भीड मजकुराचा मान राखून बस बंद करण्याचा ठराव गुरुवारी मंजूर करू. बाबांची बाजू घेऊनच बाबांवर हल्ला झाला होता. चेहरा नसलेल्या माणसानं शहराला हसवलं तर चालतं. तो चुकलो म्हणाला की कोण विश्वास ठेवणार?

रात्री जेवताना आईनं हळूच आठवण करून दिली की नाव फुटलं तर गिऱ्हाईक जाईल. उपमहापौरांची पँट अजून दुकानातच आहे, ते तीसुद्धा न्यायला येणार नाहीत. बाबा ताटातला भात नुसता चिवडत होते. पुढच्या महिन्यात वारं फिरलं की पुन्हा लिहू, असं पुटपुटले.

भोंग्यानं पाण्याचा ग्लास संपवला.

"गुरुवारी मी पुन्हा सभेत जाणार आहे," ती म्हणाली. "सांगणार, की बस मोजली माझ्या बाबांनी, मशीनवर बसून, आणि आम्ही अकराजणी त्यांच्या खिडकीच्या पलीकडे चढतो. विचारत नाहीये, ठरवून सांगतेय. बाबा, तू आलास तर तू बोल, मी गप्प बसेन. नाही आलास तर मी बोलणार, आणि माझा आवाज तुला माहीत आहे."