आईचं दुखणं धाकट्याच्या खात्यात

आईचं हृदय बिघडलं, पण बिघडलं ते नळाच्या बाजूनं. हे माझं नशीब! मी वायरमन आणि माझा धाकटा भाऊ प्लंबर. डॉक्टरीणबाई आम्हा दोघांना म्हणाल्या, "हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबलीय." झालं! गिऱ्हाइकानं हाक मारावी तसा धाकटा एक पाऊल पुढे सरकला.

मग काय विचारता! भेटायला कोणी आलं की हा पिशवीतून जुन्या पाइपचा उभा कापलेला तुकडा काढायचा. आतून क्षार चढून करंगळीसुद्धा शिरणार नाही एवढंच भोक राहिलेलं. "आईची नळी अशी झाली होती. आत फुगा घालून मोकळी केली, पुन्हा मिटू नये म्हणून जाळीची स्प्रिंग बसवली." मावशी, आत्या, सगळ्या तो तुकडा हातोहात फिरवायच्या. मावशी मला म्हणाली, "बघ, किती छान समजावून सांगतो!" मी मान डोलावली. आतून अंगाचा तिळपापड होत होता. या दीडशहाण्याला नळाचा वॉशर बदलायला मीच शिकवलं होतं.

आई राहायची त्याच्याचकडे. घरी आल्यावर तिनं तो पाइपचा तुकडा उशाशी ठेवला, गोळ्यांच्या डबीशेजारी. मी तिच्या उशाशी लावून दिलेला दिवा मात्र कपाटात गेला. डोळ्यांवर येतो म्हणे. त्या दिवसापासून मी धाकट्याचे फोन उचलणं सोडलं. आईची खबर आईलाच विचारता येते, हा कोण मोठा लागून गेला?

दोन महिन्यांनी एका सकाळी त्याचे सात फोन आले. मी शिडीवर होतो, सातही वाजू दिले. शेवटी माझ्या बायकोनं कामावर येऊन सांगितलं, आई चक्कर येऊन पडलीय. दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपार झाली होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नळ्या उत्तम आहेत. ठोक्याचा विजेचा संदेश मधेच तुटतोय. पेसमेकर बसवावा लागेल, पण तुमच्या आई संमतीच्या कागदावर सही करायला नाही म्हणताहेत. कोणीतरी समजवा त्यांना. असं फार दिवस चालणार नाही."

विजेचा! खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. धाकट्याकडे बघितलं, तर तो आईच्या चपला हातात धरून दाराशी उभा. मी खुर्ची ओढून आईजवळ बसलो.

"हे बघ, हृदयात वरच्या अंगाला एक बटण असतं. ते आपोआप दाबलं जातं, करंट खाली जातो, ठोका पडतो. तुझं बटण ठणठणीत आहे, खालची वायर जुनी झालीय. करंट पोचत नाही तेव्हा तुला अंधारी येते. आता खांद्याखाली एक डबी बसवायची, तिच्यातून नवी वायर थेट हृदयात. जुनी आहे तिथंच राहू द्यायची. भिंत फोडायचं कामच नाही."

आई माझ्याकडे टक लावून बघत होती. "हसतोयस काय रे?"

"मी? कुठं?"

"तुझ्या लग्नातसुद्धा एवढा खुलला नव्हतास."

माझी मान खाली गेली. आईचं हृदय बंद पडत होतं आणि मला आनंद झाला होता. मला माझीच लाज वाटली. नळच तुंबला असता तर किती बरं झालं असतं, असं त्या घडीला मनापासून वाटलं.

"बरं, बसवली," आई म्हणाली. "आणि मधेच बंद पडली तर?"

वीस वर्षं गिऱ्हाइकांना जे सांगत आलो तेच तोंडून निघून गेलं. "फोन कर, लगेच येतो."

आई खुदकन हसली. "तेव्हा मी कसली फोन करतेय?" मग तिनं हात पुढे केला. "आण तो कागद, करते सही." सावकाश, अक्षर अक्षर काढून तिनं सही केली आणि दाराकडे बघितलं.

"फोन धाकटा करेल. त्याचा तेवढा उचलत जा."