उजव्या खुर्चीतला आवाज

“बरोबर ना, क्लिफ?”

“नाक खाली कर. थोडं. अगं थोडं म्हणजे थोडं, जमीन हुंगायला नाही सांगितलं! वेग बघ. आता उजवा पाय. उजवा! खाटकाची पोर ना तू? सुरा धरतेस त्या बाजूचा!”

छोट्या सेसना विमानाने चाकं टेकवली, पुन्हा उचलली, बेडकासारख्या तीन उड्या मारल्या आणि एकदाची धावपट्टीवर शांत झाली. डाव्या खुर्चीत टेगन घामाने डबडबली होती. उजव्या खुर्चीत क्लिफ ट्रेझीस अजून बोलतच होता.

वारांबी गावच्या फ्लाइंग क्लबात क्लिफ चाळीस वर्षं याच उजव्या खुर्चीत बसून बोलत आला होता. एकशे छत्तीस पोरांना त्याने उडायला शिकवलं. त्यातली तीसेक मोठ्या कंपन्यांची विमानं चालवत होती. आभाळात उंचावर पांढरी रेघ दिसली की क्लिफ हातातला चहा खाली ठेवून म्हणायचा, “ती बहुधा एकेचाळीस नंबर. वळताना अजून घाई करते.” तरुणपणी तो स्वतःही अशाच एका कंपनीत मुलाखतीला गेला होता. पण तिथे साहेबलोकांना प्रश्न विचारायला सवडच मिळाली नाही, म्हणून ते राहून गेलं.

उद्या क्लिफ सत्तर वर्षांचा होणार होता आणि क्लबच्या विम्यात सत्तरीतला शिक्षक बसत नव्हता. नवा शिक्षक यायला अजून दोन महिने होते. टेगनची मुलाखत मात्र सोमवारी होती, एका मोठ्या कंपनीच्या वैमानिक शाळेत. तिथली अट एकच: वहीत निदान एक एकटीने केलेलं उड्डाण नोंदलेलं हवं. बाकी पोरं पंधरा तासांत एकटी उडायची. टेगनचे सव्वीस झाले, तरी “बरोबर ना, क्लिफ?” विचारल्याशिवाय तिचा हात हलत नव्हता. क्लबच्या भिंतीवर एकटं उडालेल्यांचे फोटो होते; तिथे एकशे सदतिसावा आज लागला तर लागला, नाहीतर टेगन वर्षभर बापाच्या दुकानात सॉसेजं भरणार होती.

“पोरीला उतरवता येतं,” जेवणाच्या सुट्टीत क्लबचा सेक्रेटरी नेव्हिल म्हणाला. “तूच उतरवू देत नाहीस. तोंडाचा पट्टा नुसता चालू.”

“मी? मी कुठे बोलतो?”

क्लिफची बायको मेरिल मांस भरलेल्या पेस्ट्र्या गरम करत होती. ती ओव्हनपासून वळली. “क्लिफ, आपल्या लग्नात पाद्र्याची वाक्यं तू पुरी केलीस.”

“तो अडखळत होता!”

“टेगनही अडखळते. अडखळू दे की तिला.”

क्लिफने शपथ घेतली, की आता चकार शब्द काढणार नाही. नेव्हिल इतका हसला, की चहा त्याच्या नाकातून आला. तेव्हा मेरिलने डबा उघडून स्वतःच्या हातची टॉफी काढली. वारांबीत ही टॉफी प्रसिद्ध होती. मागच्या वर्षी शाळेच्या जत्रेत तिने मुख्याध्यापकांची दाढ हातात दिली होती.

“ही दाढेखाली धर,” मेरिल म्हणाली. “तीन चकरा पुरेल.”

आता नवऱ्याला वरच्या दातांची कवळी आहे, हे ज्या बाईला रोज रात्री पेल्यात दिसतं, तिने हे करावं? पण त्या क्षणी ते दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

उड्डाण झकास झालं. हजार फुटांवर टेगनने विमान सरळ केलं. खाली सुकलेली शेतं, गव्हाची उंच कोठारं, नेव्हिलच्या आठ मेंढ्या. क्लिफ गप्प होता. त्याचं त्यालाच कौतुक वाटत होतं.

“बरोबर ना, क्लिफ?”

नुसती मान हलवायची असं ठरलं होतं. पण चाळीस वर्षांची सवय! “वेग” म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि टॉफीने कवळीच ओढून घेतली. ती टाळूपासून सुटली, आडवी फिरली आणि गालात पाचरीसारखी बसली.

“ऊंऽऽग,” क्लिफ म्हणाला.

टेगनने वळून पाहिलं. तोंड एका बाजूला वाकडं, हनुवटीवर लाळ, डोळे बाहेर आलेले, उजवा हात हवेत काहीतरी शोधतोय. तिचे आजोबा नाताळच्या जेवणात असेच वाकडे झाले होते आणि मग घरी परतले नव्हते.

“क्लिफ? अरे देवा. क्लिफ!”

“ऊं! ऊं!”

“बोलू नकोस!” तिने रेडिओचं बटण दाबलं. आवाज कापत होता, पण शब्द सुटे येत होते. “नेव्हिल, क्लिफला झटका आलाय. रुग्णवाहिका धावपट्टीशी आण. मी उतरतेय.”

क्लिफने कवळी काढायला बोट तोंडाकडे नेलं. टेगनने त्याच्या हातावर सणसणीत चापट मारली.

“हात मांडीवर! कशालाही हात लावायचा नाही. मी आहे ना. घाबरू नकोस, मी नेते तुला खाली.”

या विमानात त्याला कोणी असं सांगितलं नव्हतं. क्लिफने हात मांडीवर ठेवले.

तिने वळण घेतलं, पंखांचे फ्लॅप सोडले, वेग पाहिला. समोर धावपट्टी आली. डावीकडून वारा आला आणि नाक तिकडे सरकायला लागलं. नेमकी त्याच वेळी टॉफी विरघळून सुटली. कवळी टक्कन जागेवर बसली, जीभ मोकळी झाली. ‘उजवा पाय!’ हे शब्द ओठांशी येऊन उभे राहिले. आता एका वाक्यात सगळा घोटाळा मिटला असता. क्लिफने ओठ गच्च मिटले आणि गोड पाण्याबरोबर शब्द गिळले. त्याच्या आयुष्यात इतकं जड काही त्याने गिळलं नव्हतं.

टेगनचा उजवा पाय पेडलवर आपोआप दाबला गेला. नाक सरळ झालं. चाकं कधी टेकली ते क्लिफलाही कळलं नाही.

नेव्हिल गावच्या रुग्णवाहिकेचा स्वयंसेवक चालकही होता. तो स्ट्रेचर घेऊन धावला. क्लिफ खाली उतरला, त्याने कवळी काढली, तिला चिकटलेला टॉफीचा उरलेला तुकडा सगळ्यांना दाखवला आणि कवळी परत बसवली.

टेगनचे डोळे भरून वाहायला लागले. “मूर्ख म्हाताऱ्या! मी मेले असते भीतीने!”

“मेली नाहीस. उतरलीस. आणि उतरताना ‘बरोबर ना’ किती वेळा विचारलंस?”

टेगनने बाहीने डोळे पुसले.

“बस परत आत,” क्लिफ म्हणाला. “एकटी.”

तो पुन्हा उजव्या बाजूने आत वाकला. रिकाम्या खुर्चीचे पट्टे त्याने एकात एक अडकवले आणि घट्ट आवळले. सैल राहिले तर विमान वळवायच्या दांड्यात गुंततात. हे काम तो नेहमी एका झटक्यात करायचा. आज त्याला वेळ लागला.

“काही सांगायचंय?” टेगनने विचारलं.

सांगायचं तर खूप होतं. “मी नाही म्हणून विमान लवकर उचललं जाईल,” तो म्हणाला. “हलकं झालेलं असतं ते. दचकू नकोस.”

कुंपणाशी उभा राहून त्याने ती चक्कर पाहिली. क्लबातल्या स्पीकरवर टेगनचा आवाज येत होता. वळतेय, उतरतेय. एकही प्रश्न नाही. क्लिफचे ओठ हलत होते, आवाज मात्र निघत नव्हता. विमान एकदाच हलकंसं उसळून टेकलं. एवढं चालतं.

पहिल्यांदा एकटं उडालेल्याच्या डोक्यावर बादली ओतायची, ही तिथली रीत. तीन वर्षं पाऊस नव्हता, म्हणून बादली भांडी धुतलेल्या पाण्याची असायची. टेगनने ती डोळे मिटून, खिदळत अंगावर घेतली. फोटो निघाला. मग तिने नेव्हिलच्या हातातून दुसरी बादली हिसकावली आणि क्लिफच्या डोक्यावर पालथी केली. तिने त्याला अशी मिठी मारली, की तो बोलायच्या आत बाकीचं पाणी त्याच्या तोंडात गेलं.

संध्याकाळी मेरिलने किल्ल्या स्वतःकडे घेतल्या. “असा निथळत माझी गाडी चालवायची नाही.” तिने डाव्या खुर्चीवर गोणपाट अंथरलं. गाडी नेहमी क्लिफच चालवायचा. तो डावीकडे बसला, तेव्हा पाय कुठे ठेवायचे तेही त्याला कळेना.

“रेडिओवर तिचं ऐकलं ना, तेव्हा मला लगेच कळलं,” मेरिल म्हणाली. “टॉफी. सांगायला माइक उचललासुद्धा. मग तिचं वळण दिसलं. किती छान घेतलं रे पोरीने! ठेवून दिला.”

“तू ठेवून दिलास?”

“तू एकटाच गप्प बसू शकतोस का?”

तिने क्लच अर्धवट दाबून गिअर टाकला. गाडी कण्हली, दचकली आणि बंद पडली. मेरिलने हळूच त्याच्याकडे पाहिलं.

“बरोबर ना, क्लिफ?”

क्लिफच्या केसांतून चहाची पत्ती ओघळली. त्याने पट्टा ओढून लावला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“बरोबर,” तो म्हणाला. “घे तू सावकाश.”